दोन मजल्यांचे एक घर

घर बांधणे ही पैशाची गोष्ट आहे, असे सर्वसाधारणपणे समजले जाते. ती तशी आहेही. परंतु पैशाचा प्रश्न उभा राहण्यापूर्वी एक निराळाच प्रश्न कागदावर येऊन बसतो. घरातल्या कोणत्या माणसाने कोणाच्या जवळ राहावयाचे, हा तो प्रश्न. नकाशावर भिंती, दारे, खिडक्या नि जिने दिसतात. माणसे मुळीच दिसत नाहीत. आणि तरीही तो नकाशा सर्वस्वी माणसांविषयीचा असतो. गेले वर्षभर आम्ही अशाच एका लहानशा दुमजली घराच्या नकाशात गुंतून पडलो होतो. शाळेच्या वार्षिकासाठी काही लिहून द्यावे असा संपादक-विद्यार्थ्यांचा आग्रह झाला, तेव्हा डोक्यात दुसरे काही नव्हतेच. म्हणून त्या उद्योगाचीच हकीकत वाचकांपुढे ठेवीत आहोत.

आम्ही कलाशाखेचे पदवीधर. भूमितीशी आमचा संबंध शालान्त परीक्षेनंतर उभयपक्षी संमतीने तुटला होता. मोहेंजोदडोच्या घरांत मधल्या चौकाभोवती खोल्या असत नि वर जाण्यास विटांचा जिना असे, हे इतिहासाच्या तासाला आम्ही गेली कित्येक वर्षे फळ्यावर काढून दाखवीत आलो. पण त्या जिन्याला किती जागा लागली असेल, हा विचार कधी मनाला शिवला नव्हता. तो आता शिवला, आणि चांगलाच शिवला.

आमची जागा फोंडा तालुक्यातली, २०० चौरस मीटरांची. नियमाप्रमाणे चारी बाजूंनी सोडावयाची जागा सोडली, पुढे तुळशीपुरते नि मागे धुण्याभांड्यांपुरते अंगण राखले, की बांधावयास उरते ती २२ फूट रुंद नि २८ फूट लांब एवढी भूमी. म्हणजे ६१६ चौरस फूट, त्यातही भिंतींची जाडी आली. लाल चिऱ्याच्या नऊ इंची भिंती बाहेरून घातल्या की आतला चौकोन साडेवीस फुटांवर साडेसव्वीस फूट इतका आकसतो. माणसे पाच: आई, आम्ही उभयता, नववीतली कन्या आणि पाचवीतले चिरंजीव. एका मजल्यावर पाच माणसे मावतील, पण त्यांची पुस्तके, गाद्या, भांडी, पाहुणे नि रुसवे मावणार नाहीत. म्हणून दोन मजले.

आरेखकाकडे जाण्याआधी घरच्या घरी काही ठरवावे म्हणून आम्ही कन्येच्या आलेखवहीची चार पाने मागून घेतली. एक चौकोन म्हणजे एक फूट. मग जुन्या निमंत्रणपत्रिकांचा जाड कागद घेऊन त्याच प्रमाणात घरातल्या सामानाचे तुकडे कापले. पलंग साडेसहा फूट बाय पाच, कपाट चार फूट बाय दीड, जेवणाचे मेज, शिवणयंत्र, आईची आरामखुर्ची. हे तुकडे नकाशावर सरकवीत बसणे हा जेवणानंतरचा आमचा कौटुंबिक खेळ होऊन बसला. ज्यांना पुढेमागे घर बांधावयाचे आहे त्यांनी (म्हणजे विद्यार्थी मित्रहो, तुम्ही सर्वांनीच) हा खेळ अवश्य खेळून पाहावा. कपाट बसते, पण त्याचे दार उघडले की पलंगाला लागते. पलंग बसतो, पण त्याच्या नि भिंतीच्या मधून चादर घालण्यास माणूस जाऊ शकत नाही, हे रिकाम्या चौकोनाकडे पाहून कळत नाही. कागदाचा पलंग हातात असला की तत्काळ कळते. हातात ताट घेऊन चालणाऱ्या माणसाला तीन फुटांची वाट हवी. दोन फुटांत तो आडवा होऊन जातो आणि आमटी सांडते. चिरंजीवांनी एकदा आमचा पलंग न्हाणीघरात नेऊन ठेवला नि तो तेथे बसत नाही हे सप्रमाण सिद्ध केले.

आरेखकाने मग शास्त्र सांगितले. राष्ट्रीय इमारत संहितेप्रमाणे राहत्या खोलीचे क्षेत्रफळ निदान ९.५ चौरस मीटर नि रुंदी २.४ मीटर असावी लागते. साडेदहा फूट बाय दहा फूट खोली म्हणजे १०५ चौरस फूट. ती या नियमात जेमतेम उतरते. दुसरे त्याने सांगितले ते असे, की वरचे न्हाणीघर खालच्या न्हाणीघराच्या बरोबर डोक्यावर ठेवा आणि स्वयंपाकघर त्याला लागून. म्हणजे पाण्याचे नळ एकाच भिंतीतून जातील नि गळती लागलीच तर ती कोठे शोधावी हे कळेल. ही गोष्ट आम्ही निमूटपणे मान्य केली. पाण्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो, विशेषतः गोमंतकात, जेथे वर्षाचा सुमारे तीन हजार मिलिमीटर पाऊस बहुतेक सारा जून ते सप्टेंबर एवढ्यातच पडून घेतो आणि तोही नैऋत्येकडून वाऱ्यासकट, आडवा. म्हणून नैऋत्येच्या कोपऱ्यात राहती खोली न ठेवता जिना ठेवावा, पाऊस नि दुपारचे ऊन त्याने सोसावे, असे ठरले. छपराला मंगळूरी कौले. १८६५ साली मंगळुरात बाझल मिशनने ही कौले भाजावयास प्रारंभ केला. तेव्हापासून या किनाऱ्यावरच्या पावसाला त्यांच्याइतके कोणी ओळखलेले नाही. पागोळी भिंतीपासून तीन फूट दूर पडली पाहिजे, एवढी एकच अट आम्ही कौलांना घातली.

वास्तुशास्त्राचे जाणकार शेजारी भेटावयास आले. स्वयंपाकघर आग्नेयेला हवे, असे त्यांचे म्हणणे. आमचा रस्ता पूर्वेला. आग्नेयेला चूल मांडावी तर येणाऱ्याजाणाऱ्याने प्रथम आमची फोडणी पाहावी नि मग आम्हांला! देव मात्र ईशान्येकडे येत होते, त्यामुळे शेजारी निम्मे संतुष्ट होऊन परतले.

आता जिना. दुमजली लहान घरात सर्वांत अधिक जागा कोण खातो, असे कोणी विचारले तर आम्ही नि:शंकपणे जिन्याचे नाव घेऊ. दोन मजल्यांमधली उंची दहा फूट धरा, म्हणजे १२० इंच. अठरा पायऱ्या केल्या तर प्रत्येकीची उंची ६⅔ इंच येते. पाऊल पूर्ण टेकावे म्हणून रुंदी ११ इंच. फ्रान्सुआ ब्लोंदेल नावाच्या फ्रेंच वास्तुविशारदाने सतराव्या शतकात एक नियम बसवून दिला होता, की पायरीच्या उंचीची दुप्पट नि तिची रुंदी यांची बेरीज माणसाच्या एका पावलाएवढी, म्हणजे सुमारे दोन फूट, यावी. आमची बेरीज २४⅓ इंच आली. साडेतीनशे वर्षांपूर्वीच्या फ्रेंच मनुष्याला संतुष्ट केल्याचे समाधान झाले खरे, पण हा जिना मध्ये वळवून घातला तरी त्याला साडेसहा फूट रुंद नि दहा फूट चार इंच लांब अशी पेटी लागते. म्हणजे ६७ चौरस फूट. घराचा नववा हिस्सा! वरच्या मजल्यावरही तो तेवढीच जागा पुन्हा मागतो. पाच माणसांच्या घरात हा सहावा कुटुंबीय, आणि तो कधी गावाला जात नाही.

असे करीत करीत एक नकाशा तयार झाला. खाली पुढे बैठक, मागे स्वयंपाकघर, ईशान्येला आईची खोली, तिला लागून न्हाणीघर. वर तीन खोल्या, आणि जेवणाच्या जागेच्या बरोबर वर आठ फूट बाय सहा फुटांची एक चिमुकली खोली, जी आमची. तिच्यात पुस्तके, एक मेज, एक खुर्ची नि दाराला आतून कडी. पंधरा वर्षे खोक्यांत कोंडलेली आमची पुस्तके तेथे उभी राहणार होती. त्या ४८ चौरस फुटांवर आमचे किती प्रेम जडले होते, हे सांगणे संकोचाचे आहे.

हा नकाशा आम्ही आईला दाखविला. आई अजून मूळ घरात राहते. तिच्या गुडघ्यांना चार पायऱ्याही जड जातात. म्हणून तिची खोली खाली, हे कोणी न बोलताच ठरून गेले होते. तिने चष्मा लावून कागद नीट पाहिला. आमच्या सौभाग्यवतींनी बोट ठेवून एकेक खोली सांगितली. मग आई आमच्या घरच्या कोंकणीत एवढेच म्हणाली, “वयर तुमी, सकयल हांव. मागीर घर एक कशें जातलें?”

वर तुम्ही, खाली मी. मग घर एक कसे होणार? तिने हे रागाने म्हटले नाही, हे येथे नमूद केले पाहिजे. हिशेब तपासणाऱ्याने एखादा आकडा विचारावा तसे म्हटले, आणि कागद परत दिला. नव्या घरात राहावयास येईन असे ती म्हणाली नाही, येणार नाही असेही म्हणाली नाही.

तिचे म्हणणे समजण्यास आमचे मूळ घर पाहिलेले असले पाहिजे. ते एकमजली, ऐसपैस, मध्ये राजांगण असलेले घर आहे. चारी बाजूंनी ओसरी, ओसरीच्या खांबांमधून दिसणारे उघडे आकाश, मध्ये फरसबंद चौक. वडील भाऊबंदांचे संसार आता पांगले आहेत, बऱ्याच खोल्यांना कुलपे आहेत, आणि एकट्यादुकट्याने शाकारणी करवून घेणे परवडण्याच्या पलीकडे गेले आहे. पण आम्ही लहान होतो तेव्हा त्या राजांगणाचे कार्य काय होते, हे शब्दांत सांगणे कठीण. पावसाळ्यात चारी पागोळ्या त्यात पडत नि बोलणे ऐकू येत नसे. उन्हाळ्यात तेथे कोकमाची सोले वाळत. वारा आत येण्यास नि ऊब वर निघून जाण्यास वाट तीच. पण या सर्वांहून मोठे काम निराळेच होते: त्या घरात कोणी कोणाला शोधीत नसे. आईने स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावरून हाक मारली की ती राजांगणातून पलीकडच्या ओसरीवर जाई, आणि उत्तर त्याच वाटेने परत येई. आजारी माणूस आपल्या खाटेवरून सारे घर ऐके. कोण आले, कोण जेवले, कोणाचे बिनसले, हे उठून विचारावे लागत नसे. आईने त्या घरात पंचेचाळीस वर्षे काढली आहेत. तिच्या लेखी घर म्हणजे जेथे हाक पोहोचते ती जागा.

आमच्या ६१६ फुटांत राजांगण कोठून आणावयाचे? मूळ घराचा चौकच जवळजवळ तेवढा आहे! काही आठवडे आलेखवहीला कोणी हात लावला नाही. खाली आणखी एक खोली काढून आम्ही उभयतांनी खालीच निजावे, असा एक विचार झाला; पण मग बैठक नाहीशी होते. आईच्या खोलीत घंटेचे बटण बसवावे, असे चिरंजीवांनी सुचविले. आई म्हणाली, घंटा इस्पितळात असते.

वाट सापडली ती वाचनातून. पणजीच्या कला अकादमीची वास्तू ज्यांनी रचिली ते मूळचे गोमंतकीय वास्तुविशारद चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी १९६१-६२ च्या सुमारास अहमदाबादेत एक अरुंद, लांबट, नळीसारखे घर बांधले होते. ते घर पुढे पाडण्यात आले, परंतु त्याचा छेद पुस्तकांतून आजही पाहावयास मिळतो. त्यात आतला अवकाश मजल्यांनी पुरता कापून टाकलेला नाही. उतरत्या छपराखाली तो वरपर्यंत मोकळा आहे, आणि तापलेली हवा शेंड्याच्या फटीतून बाहेर जाते. ते चित्र पाहता पाहता मनात आले, की राजांगण आडवे पसरण्यास जागा नसेल तर ते उभे करावे. जेवणाच्या जागेवरची फरशीच घालू नये. खाली जेवणाचे मेज, वर थेट कौले; एका बाजूला वरच्या वाटेचा कठडा, दुसऱ्या बाजूला कन्येच्या खोलीची भिंत. आकाश दिसणार नाही, पाऊस आत येणार नाही. पण छपराजवळ झरोके ठेवले तर ऊब वर निघून जाईल, कौलांत दोन काचा बसविल्या तर दुपारचा उजेड मेजापर्यंत उतरेल, आणि हाक, जी मुख्य, ती दोन्ही दिशांनी जाईल.

जेवणाच्या जागेवरची फरशी म्हणजे कोणती, हे वाचकांच्या ध्यानात आले असेलच. आठ फूट बाय सहा फूट. आतून कडी असलेली. आम्ही ती खोली आलेखवहीवरून खोडरबराने पुसली, तेव्हा सौभाग्यवती समोर बसून वाटाणे सोलीत होत्या. त्या काही बोलल्या नाहीत, पण थोड्या वेळाने जिन्याच्या भिंतीवर बोट ठेवून म्हणाल्या, “येथे खालपासून वरपर्यंत फळ्या मारल्या तर?” हिशेब केला. पायरीपायरीने चढत जाणाऱ्या नऊ इंच खोल फळ्यांत पुस्तके पुष्कळ मावतात. जिना मात्र तेवढ्याने रुंद करावा लागतो. आता ज्ञानकोशाचे खंड तळाशी नि कवितासंग्रह वर येतील. हवे ते पुस्तक नेमके मधल्या पायरीवर उभे राहून वाचावे लागेल नि वरखाली करणारे सारे आम्हांला बाजूला हो म्हणतील.

उघड्या अवकाशाला दुसरी बाजूही आहे, आणि ती मांडलीच पाहिजे. पहिला आक्षेप कन्येचा. पुढील वर्षी तिची दहावीची परीक्षा. खाली आजीची दूरदर्शनवरची मालिका चालू असताना वर बीजगणित कसे करावयाचे? तिचे म्हणणे रास्त होते. तोड अशी निघाली, की तिच्या खोलीच्या भिंतीत त्या पोकळीकडे उघडणारी झडपांची एक खिडकी ठेवावयाची, नि ती उघडण्यामिटण्याचा अधिकार सर्वस्वी तिचा. दुसरा आक्षेप अधिक गंभीर होता: बांगडे. आमचे घर मत्स्याहारी आहे, आणि तळलेल्या बांगड्याचा वास जिन्याची वाट पाहत नाही. अशा पोकळीतून तो एका उडीत गाद्यांपर्यंत जाईल. म्हणून स्वयंपाकघर नि जेवणाची जागा यांच्यामध्ये खरेखुरे दार घातले, आणि पश्चिमेच्या भिंतीत हवा बाहेर फेकणारा पंखा. अलीकडे स्वयंपाकघर उघडे ठेवण्याची रीत आहे. ती बहुधा सुकी भाजी खाणाऱ्यांनी काढली असावी.

आईच्या खोलीवर आम्ही सर्वांत अधिक वेळ घालविला. अमेरिकेतील क्रिस्टोफर अलेक्झांडर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका ग्रंथात असे सांगितले आहे, की ज्या खोलीत दोन बाजूंनी उजेड येतो तेथे माणसे आपण होऊन बसतात. कोपऱ्याची खोली असल्यामुळे पूर्वेकडे नि उत्तरेकडे अशा दोन खिडक्या ठेवता आल्या, नि त्यांचे कठडे खाटेवर बसून बाहेर दिसेल इतके खाली, दोन फुटांवर, घेतले. दार तीन फूट रुंद. तेथून न्हाणीघरापर्यंत उंबरठा नाही, पायरी नाही. न्हाणीघराचे दार बाहेर उघडणारे, कारण आत कोणी पडल्यास आत उघडणारे दार त्याच माणसाला अडते. भिंतीत धरावयास गज. हे सर्व आईला सांगताना आम्ही शब्द जपून वापरीत होतो, तिनेच विचारले, “दिव्याचे बटण खाटेवरून हाताला येते ना?” ते येत नव्हते. आता येते.

आणखी एक गोष्ट तिने सुचविली, ती कोणत्याही संहितेत नाही. स्वयंपाकघरात उभ्याने काम करण्याचा ओटा सौभाग्यवतींच्या कोपराच्या बेताने ३२ इंचांवर धरला होता. आई म्हणाली, नारळ कोठे खोवणार? ती खाली बसून आदोळीवर नारळ खोवते. त्यासाठी दाराजवळ तीन फूट बाय तीन फूट जमीन मोकळी राखली. आरेखकाने ती पाहून तेथे शीतकपाट सुचविले होते. आम्ही नकाशावर त्या चौकोनात ‘आई’ असे लिहून टाकले, म्हणजे पुन्हा कोणी काही सुचवू नये.

आणि जिना? तो पूर्वीच्या नकाशात बैठकीतून चढत होता. आता तो जेवणाच्या जागेतून चढतो. बाहेरून आलेल्या कोणालाही वर जावयाचे असेल तर आईच्या दारावरून, मेजाला वळसा घालून जावे लागते. कन्येने हे चाणाक्षपणे ओळखले नि म्हणाली, म्हणजे उशिरा आलेले सर्वांना कळणार. तेही खरेच.

पाऊस ओसरल्यावर, गेल्या महिन्यात, गवंड्याने जागेवर चुन्याची आखणी केली. खुंट्या मारल्या, दोऱ्या ताणल्या. आखलेले घर नेहमी लहान दिसते, असे तो म्हणाला. आम्हांला तर ते रुमालाएवढे वाटले. आई काठी टेकीत आली. पुढल्या दाराच्या जागेवरून, दोरी ओलांडून नव्हे, ती आत शिरली, बैठकीतून आपल्या खोलीत गेली, आणि जेथे खाट येणार तेथे चिरंजीवांनी मांडलेल्या खुर्चीवर बसली. पूर्वेच्या खिडकीच्या जागेकडे तिने बराच वेळ पाहिले. मग काठीने अंगणातल्या खुंटीकडे दाखवून ती गवंड्याला म्हणाली, तुळस तेथे आली तर निजल्या जागेवरून दिसणार नाही, थोडी अलीकडे घे.

खुंटी दीड फूट उत्तरेला सरकली. आरेखकाच्या कागदावर तेवढी दुरुस्ती अद्याप व्हावयाची आहे.